वळिवड्याला पोचण्याआधीची दोन वर्षे

विभाग : इतिहास
धागाकर्ता : पंचगंगाकाठ

कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, ही हकीकत आता पुष्कळांना ठाऊक झाली आहे. २०१९ साली त्या छावणीत बालपण घालवलेली काही वृद्ध मंडळी वळिवड्याला येऊन गेली, तेव्हा वर्तमानपत्रांतून बरेच छापून आले. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सातील कोल्हापूर स्मारकाला भेट दिली, तेव्हा तोच मजकूर पुन्हा फिरला. हे सारे वाचताना मला एक गोष्ट सतत खटकत आली आहे. आपण ही कथा शेवटापासून सांगायला घेतो. गोरी, हाडकुळी मुले आगगाडीतून उतरली आणि इथल्या मातीने त्यांना आसरा दिला, येथे आपली सुरुवात होते. पण जी मुले वाचायची होती ती तोवर वाचलेली होती आणि जी मरायची होती ती वाटेत पुरून झाली होती. वाचणे म्हणजे नेमके काय झाले, त्याविषयी हा धागा आहे.

२३ ऑगस्ट १९३९ रोजी जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. १ सप्टेंबरला हिटलरने पश्चिमेकडून आणि १७ सप्टेंबरला स्टालिनने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केले. पूर्व पोलंड सोव्हिएत ताब्यात गेल्यावर तिथली माणसे हलवण्याचे काम गुप्त पोलिसांकडे, म्हणजे एनकेव्हीडीकडे आले. १० फेब्रुवारी १९४० रोजी पहिली मोठी हद्दपारी झाली. तीत सुमारे १ लाख ४० हजार माणसे एका दमात उचलली गेली. पहिल्या महायुद्धानंतर जमिनी मिळालेले माजी सैनिक आणि जंगलखात्याचे लोक, अशी कुटुंबेच्या कुटुंबे त्यांत होती. १३ एप्रिलला दुसरी, जूनअखेरीस तिसरी आणि १९४१ च्या मे-जूनमध्ये चौथी हद्दपारी झाली. सोव्हिएत कागदपत्रांनुसार या चार खेपांतली संख्या तीन लाखांच्या थोडी वर भरते. परदेशी गेलेल्या पोलिश लोकांचे जुने अंदाज याच्या तिपटीहून अधिक होते.

यांतली एप्रिलची खेप मला सर्वांत क्रूर वाटते, कारण ती सरळसरळ पत्त्यांच्या यादीवरून झाली. युद्धकैदी झालेल्या पोलिश अधिकाऱ्यांना घरी पत्रे लिहू दिली जात होती. त्यांच्या घरच्यांच्या याद्या करण्याचा हुकूम एनकेव्हीडीचा प्रमुख बेरिया याने मार्च १९४० मध्ये काढला. पुढच्या दोन महिन्यांत सुमारे २२ हजार कैद्यांना रशियातल्या कातिनच्या जंगलात आणि इतर ठिकाणी गोळ्या घातल्या गेल्या, आणि त्याच सुमारास त्यांच्या बायकामुलांना कझाकस्तानात नेऊन टाकले गेले. ही सुमारे ६१ हजार माणसे होती आणि त्यांत बहुतांश स्त्रिया आणि मुले होती. बाप जिवंत आहे असे समजून त्याच्या पत्राची वाट पाहत ही मुले स्टेपच्या मैदानात दोन हिवाळे जगली.

नेण्याची रीत सगळीकडे एकच होती. पहाटेच्या अंधारात दारावर थापा पडत, बांधाबांधीला जेमतेम अर्धा तास मिळे आणि मग गुरांच्या वाघिणीत भरले जाई. वाघिणीत दोन्ही बाजूंना फळ्यांचे माळे, मधोमध लोखंडी शेगडी आणि शौचासाठी तळाला पाडलेले एक भोक असे. दोन ते चार आठवडे प्रवास चाले. गाडी थांबली की स्टेशनावरच्या नळाचे उकळते पाणी आणायला एखाद्याला उतरू देत. या पाण्याला ‘किप्यातोक’ म्हणत. रशियन भाषेतला हा पहिला शब्द अनेक मुलांनी शिकला आणि जन्मभर विसरला नाही.

उत्तरेला अर्खांगेल्स्ककडे गेलेल्यांना जंगलतोडीवर लावले. कझाकस्तानात गेलेल्यांना सामुदायिक शेतांवर, म्हणजे कोलखोझवर सोडून दिले. काम करील त्याला खायला मिळेल, हा तिथला नियम होता आणि तो लहान मूल, म्हातारा किंवा आजारी पाहून वाकत नसे. आई कामावर गेली की घर मुलांवर असे. इथे मला दोन गोष्टी जरा जवळून दाखवायच्या आहेत, कारण मराठी वाचकाला त्या समजावून सांगाव्या लागणार नाहीत.

पहिली गोष्ट गोवऱ्यांची. स्टेपमध्ये झाड नाही, त्यामुळे जळण म्हणजे शेण. त्यात पेंढा मिसळून, पायांनी तुडवून, साच्यात घालून वड्या पाडायच्या आणि उन्हाळाभर वाळवायच्या. तिकडे त्याला ‘किझ्याक’ म्हणतात. वॉर्सा किंवा ल्वूफसारख्या शहरांत वाढलेल्या, पियानोच्या शिकवणीला जाणाऱ्या मुली जूनमध्ये उघड्या पायांनी शेण तुडवत होत्या. ज्या घरात गोवऱ्यांचा साठा कमी पडला, त्या घरात फेब्रुवारीच्या बर्फाच्या वादळात कोणीतरी दगावण्याची शक्यता होती. हा हिशेब दहा वर्षांच्या मुलाला कळत असे आणि म्हणून उन्हाळ्यात रस्त्याने चालताना ते जनावरांच्या मागे मागे चाले.

दुसरी गोष्ट सरव्याची. आपल्याकडे पीक काढून झाल्यावर शेतात पडलेली कणसे, शेंगा गोरगरिबांनी वेचायची, त्याला सरवा वेचणे म्हणतात, आणि शेतकरी सहसा त्याला हरकत घेत नाही. सोव्हिएत संघात मात्र ऑगस्ट १९३२ च्या कायद्याने कोलखोझवरची सर्व मालमत्ता राज्याची ठरली होती आणि तिच्या चोरीला दहा वर्षांच्या तुरुंगापासून मृत्युदंडापर्यंतची शिक्षा होती. शेतात पडून कुजणारे कणीसही त्या मालमत्तेतच मोडे. लोक त्याला ‘कणसांचा कायदा’च म्हणत. १९३५ च्या फर्मानाने चोरीसाठी बारा वर्षांच्या मुलावरही मोठ्यांसारखा खटला चालवता येत होता. त्यामुळे पोलिश मुले सरवा वेचायला रात्री जात. चोळलेले दाणे सदऱ्याच्या आत, मोज्यात, टोपीच्या अस्तरात लपवून आणत. घोड्यावरच्या राखणदाराचा चाबूक पाठीवर बसला तर ते स्वस्तात सुटणे होते.

कुपोषणामुळे रातांधळेपणा येई आणि त्यामुळे ही रात्रीची वेचणीही बंद पडे. मग ज्याला दिसते ते भावंड पुढे आणि ज्याला दिसत नाही ते त्याच्या सदऱ्याला धरून मागे, अशी जोडी निघे.

---

रानवाटा :
लेख आवडला असे म्हणणे बरे वाटत नाही, पण आभार मानतो. एक शंका आहे. ही मुले सुटली कशी? मी जिथे जिथे वाचले तिथे ‘१९४१ मध्ये माफी मिळाली’ एवढेच वाक्य आढळते. ज्यांच्यावर खटला चालला नाही आणि ज्यांनी काही केले नाही, त्यांना माफी कशाची मिळाली?

---

पंचगंगाकाठ :
रानवाटा, ही शंका त्या वेळच्या पोलिश लोकांनाही पडली होती आणि अनेकांना हा शब्द हद्दपारीइतकाच झोंबला. २२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि कालचा शत्रू स्टालिनला एकाएकी मित्र म्हणून हवा झाला. ३० जुलैला लंडनमध्ये आश्रय घेतलेल्या पोलिश सरकारशी करार झाला आणि १२ ऑगस्टला फर्मान निघाले. त्यात ‘माफी’ हाच शब्द होता. मॉस्कोतल्या लुब्यान्का तुरुंगातून पोलिश सेनानी जनरल अँडर्स यांना बाहेर काढून, सोव्हिएत भूमीवर पोलिश सैन्य उभारायला सांगण्यात आले.

पण सुटका म्हणजे कागदाचा एक तुकडा होता. गाडी, शिधा आणि पैसे यांतले काहीच त्यासोबत नव्हते. सैन्य दक्षिणेकडे निघाले आहे एवढी बातमी तैगात, म्हणजे उत्तरेच्या जंगलांत, आणि स्टेपमध्ये पोचली, आणि माणसे मिळेल त्या मार्गाने उझबेकिस्तानच्या दिशेला लागली. मृत्यूच्या दृष्टीने पाहिले तर हद्दपारीच्या दीड वर्षापेक्षा १९४१-४२ च्या हिवाळ्यातला हा ‘स्वातंत्र्याचा’ प्रवास अनेक कुटुंबांना महाग पडला. गाडी थांबली म्हणून आई किप्यातोक आणायला उतरली आणि गाडी सुटली, अशी हकीकत त्या मुलांच्या आठवणींत पुन्हा पुन्हा येते. उझबेकिस्तानात टायफस आणि हगवण यांनी माणसे पटापट मेली. गुझारजवळच्या एका छावणीला लोक मृत्यूची दरीच म्हणू लागले. त्या वसंतात मुलांनी कासवे खाल्ली आणि ‘लेबियोदा’ नावाचे तण उकडून खाल्ले. मी शोधून पाहिले, तर तो आपला चाकवत निघाला. आपण ताक, बेसन आणि दाणे घालून त्याची भाजी करतो. तिथे मीठही नव्हते.

---

जुनी_पाटी :
मी निवृत्त शिक्षिका आहे, त्यामुळे या विषयातल्या एका वेगळ्या साधनाकडे लक्ष वेधते. इराणात आणि मध्यपूर्वेत पोचल्यावर पोलिश सैन्याच्या दस्तऐवज विभागाने सुटून आलेल्या लोकांच्या जबान्या गोळा केल्या. त्यांत शाळकरी मुलांकडून लिहून घेतलेले निबंधही होते, आणि ते आज कॅलिफोर्नियातल्या हूव्हर संस्थेच्या संग्रहात आहेत. त्यांतल्या शंभराहून अधिक निबंधांचे संकलन इंग्रजीत १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले.

हे निबंध वाचताना मला, तीस वर्षे वह्या तपासलेल्या बाईला, सर्वांत जास्त जाणवला तो त्यांचा कोरडेपणा. मुले विशेषणे वापरत नाहीत. कधी उचलले, किती दिवस प्रवास झाला, किती पाव मिळे, कोण कधी मेले, एवढेच लिहितात. भावाचा मृत्यू आणि पावाच्या वाटपाची वेळ शेजारशेजारच्या वाक्यांत येतात आणि दोन्ही वाक्यांचा सूर एकच असतो. प्रथम मला वाटले की ही शिक्षकाने सांगितलेल्या मुद्द्यांची उत्तरे असावीत, आणि तसा साचा काही निबंधांत दिसतोही. परंतु दहा-पंधरा निबंध झाल्यावर वाटू लागले की ज्या मुलाने दोन वर्षे ग्रॅममध्ये विचार केला आहे, त्याच्याजवळ दुसरी भाषा त्या क्षणी उरलेली नसावी.

शाळेचा एक प्रसंग अनेकांनी सांगितला आहे. सोव्हिएत शिक्षिका वर्गाला सांगते, देवाजवळ भाकर मागा. मुले प्रार्थना करतात आणि काही येत नाही. मग ती म्हणते, आता स्टालिनजवळ मागा. आणि गोळ्या-मिठाई हजर होते. उपाशी मुलांवर केलेला हा प्रयोग मला चाबकापेक्षा भयंकर वाटतो. काही मुलांनी मिठाई घेतली, काहींनी घेतली नाही. ज्यांनी घेतली त्यांना कोणी नावे ठेवू नयेत, असे मी माझ्यापुरते ठरवले आहे.

---

कोरडवाहू :
चर्चा उत्तम चालली आहे, तरीही थोडे विरोधी लिहितो. एक : कोल्हापूरच्या औदार्याचे गोडवे गाताना वळिवड्याच्या छावणीचा खर्च मुख्यतः लंडनमधल्या पोलिश सरकारच्या खात्यावर पडत होता, हे सांगितले जात नाही. गुजरातेतल्या नवानगरच्या (आजचे जामनगर) जाम साहेब दिग्विजयसिंहजींची बालाचडीची छावणी निराळी. ती मुख्यतः निराधार मुलांसाठी होती आणि तिच्यासाठी संस्थानिकांनी आणि देणगीदारांनी पैसा उभा केला. दोन्ही छावण्यांची सरमिसळ करून ‘राजांनी मुले सांभाळली’ असे एकच वाक्य तयार झाले आहे. दोन : वळिवड्याची छावणी १९४३ च्या जूनमध्ये सुरू झाली. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने जवळजवळ ३० लाख माणसे मेली, आणि त्यांत मुले किती असतील याची कल्पना करावी. पोलिश मुलांना जहाजाने आणून दूध देणारे सरकार आणि कलकत्त्याच्या फुटपाथावर मुले मरू देणारे सरकार एकच होते. यात त्या पोलिश मुलांचा काडीमात्र दोष नाही, पण ‘क्रूर राजवट’ हा शब्द वापरताना नकाशावर फक्त मॉस्को दिसू नये.

---

पंचगंगाकाठ :
कोरडवाहू, पहिला मुद्दा पूर्ण मान्य आहे. मूळ लेखात मी तो लिहायला हवा होता. दुसराही मान्य आहे. फक्त त्यावर स्वतंत्र धागा काढावा असे सुचवतो, कारण बंगालच्या दुष्काळाला प्रतिसादाच्या चार ओळींत बसवणे हा त्या मृतांवरही अन्याय होईल.

---

उत्तरायण :
कोरडवाहूंच्या दुसऱ्या मुद्द्याला धरूनच एक जोड देतो, पण मॉस्कोच्याच नकाशात राहून. कझाकस्तानात ज्यांच्या घरांत ही पोलिश कुटुंबे कोंबली गेली, ते कझाक लोक कोण होते? जेमतेम सात-आठ वर्षांपूर्वी, १९३० ते १९३३ या काळात, त्यांचे कळप जप्त करून त्यांना सक्तीने एका जागी बसवण्यात आले होते आणि त्या दुष्काळात सुमारे १५ लाख माणसे मेली होती. म्हणजे १९४० मध्ये पोलिश बाईला मातीच्या घरात कोपरा देणारी कझाक म्हातारी स्वतःची मुले पुरून बसलेली असण्याची शक्यता मोठी होती.

हे लक्षात ठेवून पोलिश आठवणी वाचल्या की त्यांतले बारीकसारीक प्रसंग निराळे दिसतात. कझाकांनी आम्हांला आधी घाणेरडे, परके मानले, त्यांच्या भाषेचा एक शब्द आम्हांला येत नव्हता, असे सांगणारा लेखक दोन पानांनंतर सांगतो की शेजारणीने वाडगाभर आंबट दूध ठेवले आणि काही न बोलता निघून गेली. कोणत्या गवताच्या मुळ्या खाता येतात, वादळात विहिरीपासून घरापर्यंत दोर कसा बांधायचा, जळण कसे रचायचे, हे ज्ञान पोलिश मुलांना आयते मिळाले, आणि ते ज्यांच्याकडून मिळाले त्यांनी त्याची किंमत आधी मोजली होती. पुढे व्होल्गाकाठचे जर्मन, चेचेन आणि क्राइमियाचे तातार अशीच वाघिणींतून मध्य आशियात ओतली गेली. त्यांना नेणारे अँडर्सचे सैन्य नव्हते. पोलिश मुले वाचली त्यामागे लंडनमध्ये त्यांचे एक सरकार होते आणि स्टालिनला ब्रिटनची गरज होती, हे कारण धैर्य आणि चिकाटीइतकेच मोठे आहे.

---

अनघा_वि :
मी फार उशिरा लिहिते आहे, क्षमस्व. रानवाटांच्या प्रश्नाचे उत्तर मला अजून पूर्ण झालेले वाटत नाही. सैन्य उझबेकिस्तानात होते, मुले उपाशी होती, इथवर समजले. पण सैन्य मुलांना घेऊन सीमेपार कसे गेले? आणि ‘अनाथ’ म्हणून आलेली सगळी मुले खरोखर अनाथ होती का? वळिवड्याविषयीच्या एका लेखात मी वाचले होते की काही मुलांच्या आया जिवंत होत्या. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

---

पंचगंगाकाठ :
अनघाताई, हा धागा मी ज्या गोष्टीसाठी काढला, तिथे तुम्ही नेमके बोट ठेवले आहे.

मार्च १९४२ मध्ये स्टालिनने पोलिश सैन्याचा शिधा ४४ हजार माणसांपुरता उरवला. सैन्यात माणसे त्याहून पुष्कळ जास्त होती आणि त्या शिध्यातूनच सैनिक छावणीभोवती जमलेल्या बायकामुलांना घास देत होते. उरलेल्यांना इराणात जाऊ देण्याचे ठरले. मार्च-एप्रिलमध्ये एक आणि ऑगस्टमध्ये दुसरी, अशा दोन खेपांत कास्पियन समुद्रावरच्या क्रास्नोवोद्स्क बंदरातून जहाजे इराणच्या पहलवी बंदराला गेली. काही गट अश्गाबादहून खुष्कीच्या मार्गाने मशहदला गेले. एकूण सुमारे १ लाख १५ हजार माणसे बाहेर पडली आणि त्यांत मुले १५ हजारांहून अधिक होती. ऑगस्टनंतर दार बंद झाले.

आता या जहाजांवर जागा कोणाला मिळणार? सैनिकांना, त्यांच्या कुटुंबीयांना आणि सैन्याने किंवा पोलिश प्रतिनिधींनी चालवलेल्या अनाथालयांतल्या मुलांना. ज्या बाईचा नवरा सैन्यात नव्हता, तुरुंगात मेला होता किंवा कातिनमध्ये मारला गेला होता आणि तिला ते माहीतही नव्हते, तिच्याजवळ एकच मार्ग उरला होता. ती मुलांना घेऊन अनाथालयाच्या दारापर्यंत जाई, आई नाही असे सांगा म्हणून बजावे आणि मागे फिरे. काही आया दारात मूल सोडून रस्त्यापलीकडे थांबून राहत, आत घेतले की नाही हे पाहण्यासाठी. काहींनी दोघांपैकी एकालाच सोडले, कारण धाकटे तान्हे होते आणि ते प्रवासात टिकणार नव्हते. थोरल्या मुलांनी वय वाढवून सांगितले आणि ते सैन्याच्या किशोर पथकांत शिरले. त्या पथकांतल्या मुलांना ‘युनाक’ म्हणत.

म्हणून ‘अनाथ’ हा शब्द त्या यादीत वाचताना सांभाळून वाचावा लागतो. अनेकांसाठी ते खरे होते, अनेकांसाठी ते प्रवासाचे तिकीट होते. सात-आठ वर्षांच्या मुलाला हे खोटे रोज बोलावे लागे आणि चुकून ‘आई’ म्हटले तर आपल्याला परत पाठवतील अशी भीती त्याला वाटे.

पहलवीच्या किनाऱ्यावर त्यांचे कपडे जाळले, डोकी भादरली आणि वाळूवर उभारलेल्या तंबूंत ठेवले. तिथे अंडी, खजूर आणि मटणाचा रस्सा होता. दोन वर्षे आटलेल्या आतड्यांना तो झेपला नाही आणि समुद्र ओलांडून, वाचून आलेली माणसे त्या चरबीने मेली. तेहरानच्या दुलाब दफनभूमीत अशा कित्येकांच्या कबरी आहेत. जी मुले पुढे इस्फहानला गेली, त्यांच्या गाद्यांखाली शिक्षिकांना महिनोन्‌महिने पावाचे वाळके तुकडे सापडत राहिले. रागावून उपयोग होत नसे. उद्याही पाव मिळणार आहे हे सांगून पटत नसे, ते रोज मिळूनच पटावे लागे.

तिथून वाटा फुटल्या. कोणी पूर्व आफ्रिकेत, कोणी मेक्सिकोत, ७३३ मुले १९४४ मध्ये न्यूझीलंडला गेली. याच वाटेने आलेल्या ज्यू मुलांचा आठशेहून अधिकांचा गट कराचीमार्गे फेब्रुवारी १९४३ मध्ये पॅलेस्टाईनला पोचला. बालाचडीची पहिली मुले मशहद, झाहेदान आणि क्वेट्टामार्गे आली आणि आधी काही महिने मुंबईत वांद्र्याला राहिली. वळिवड्याची कुटुंबे बहुतेक कराचीच्या मुक्कामातून आली.

---

गावठाण :
मी मूळचा त्याच बाजूचा. छावणी रिकामी झाल्यावर फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना तिथे वसवले आणि त्याचे गांधीनगर झाले, हे इथल्या बहुतेकांना माहीत असेल. आज कापडाच्या ठोक बाजारात फिरताना जुन्या बराकींचा अंदाजही लागत नाही.

माझी आजी तेव्हा नवी लग्न होऊन आलेली होती आणि सासूबरोबर छावणीत दूध घालायला जाई. इतिहास म्हणून तिच्या सांगण्याला किती वजन द्यावे हे वाचकांनी ठरवावे, पण लेखातला गोवऱ्यांचा परिच्छेद वाचून ते आठवले. आमच्या परड्याच्या भिंतीवर गोवऱ्या थापलेल्या असत. एकदा दुधाचे पैसे द्यायला आलेली एक पोलिश बाई आणि तिची दहा-बारा वर्षांची मुलगी त्या भिंतीपाशी थांबल्या. मुलीने एका गोवरीवर उमटलेल्या पंजात आपला पंजा बसवून पाहिला आणि आईकडे पाहून काहीतरी बोलली. आई मोठ्याने हसली आणि मग रडू लागली. आजीला वाटायचे की शेणाचा वास सहन न झाल्याने तसे झाले असेल. ती हे सांगताना दरवेळी म्हणायची, गोरी माणसे, त्यांना कुठले शेण माहीत.

आजी जाऊन वीस वर्षे झाली.

---

रानवाटा :
गावठाण, काय लिहावे सुचत नाही.

पंचगंगाकाठ, शेवटचे एक विचारतो. ज्या आया मागे राहिल्या, त्यांचे पुढे काय झाले? मुलांना त्या परत भेटल्या का?

---

पंचगंगाकाठ :
काहींना भेटल्या. पण वाट अवघड होती. एप्रिल १९४३ मध्ये कातिनच्या कबरी सापडल्याचे जर्मनीने जाहीर केले, पोलिश सरकारने रेड क्रॉसकडे चौकशीची मागणी केली, आणि २५ एप्रिलला स्टालिनने त्या सरकारशी संबंध तोडले. सोव्हिएत संघात अडकलेल्या पोलिश लोकांना आता ना वकिलात होती ना वाली, आणि त्यांच्यावर सोव्हिएत नागरिकत्व लादले जात होते. वळिवड्यातले मूल आणि कझाकस्तानातली आई यांच्यामध्ये मग नुसते अंतर उरले नव्हते. छावणीत शाळा होती, चर्च होते, बालवीर पथके आणि नाटके होती, मुले पंचगंगेत पोहायला शिकत होती, ज्यांची फुप्फुसे अधू झाली होती ती पाचगणीला पाठवली जात होती, आणि बाप मे १९४४ मध्ये इटलीत मॉन्टे कॅसिनोवर लढत होते.

युद्ध संपले तेव्हा त्यांचे घर नकाशावरून सरकले होते. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा परिषदेत पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे राहील असे ठरले आणि जुलैमध्ये ब्रिटनने वॉर्सातल्या कम्युनिस्ट सरकारला मान्यता दिली. मागे राहिलेल्या अनेक आयांना १९४६ च्या सुमारास नव्या सीमांच्या पोलंडमध्ये आणण्यात आले, पण बहुतेकांना पूर्वीच्या गावी जाता आले नाही. रेड क्रॉसमार्फत शोध सुरू झाले आणि वळिवड्याला पत्रे येऊ लागली. मुलगी आता चौदा वर्षांची होती, आईचा चेहरा तिला अंधुक आठवत होता, आणि आई ज्या राजवटीखाली बोलावत होती ती तिला वाघिणीत घालणाऱ्या राजवटीचीच पाठराखण असलेली होती. काही मुले गेली. बरीच १९४७-४८ मध्ये ब्रिटनला गेली, जिथे सैन्यातून सुटलेले बाप येत होते. तिथून कोणी कॅनडात, कोणी ऑस्ट्रेलियात गेले. एका मुलीने कोल्हापुरातच लग्न केले आणि ती इथलीच झाली.

जी पोलंडला परतली, त्यांना पुढची चार दशके या हद्दपारीविषयी उघड बोलण्याची सोय नव्हती. कातिनची हत्या सोव्हिएत गुप्त पोलिसांनीच केली, हे मॉस्कोने १३ एप्रिल १९९० रोजी कबूल केले. तिथे मारल्या गेलेल्यांच्या मुलांच्या हद्दपारीला त्या दिवशी बरोबर पन्नास वर्षे झाली होती.